सिंगल-यूजर मोड : लिनक्सच्या बूट-अडचणींचे निवारण

लिनक्स संगणक नेहमीप्रमाणे सुरू होत नसल्यास नेटवर्क, ग्राफिक लॉगिन आणि इतर सेवा सुरू न करता केवळ रूट (सर्वाधिकार असलेल्या) वापरकर्त्याला दुरुस्तीसाठी टर्मिनल उपलब्ध करून देणाऱ्या अवस्थेस सिंगल-यूजर मोड म्हणतात. युनिक्सकडून आलेली ही अवस्था जुन्या सिस्टिम-फाइव्ह इनिटमध्ये (बूट होताना सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) रनलेव्हल १ म्हणून ओळखली जाई. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०११ मध्ये आणि पुढे इतर प्रमुख वितरणांनी इनिट म्हणून सिस्टिमडी स्वीकारल्यावर तिची जागा रेस्क्यू टार्गेटने घेतली. त्याहूनही मर्यादित असे इमर्जन्सी टार्गेट वेगळे असते. रेस्क्यूमध्ये स्थानिक फाइल सिस्टिम माउंट होतात, म्हणजे वापरासाठी जोडल्या जातात. इमर्जन्सीमध्ये मात्र फक्त रूट (मुख्य) फाइल सिस्टिम, तीही बहुधा केवळ वाचनासाठी, उपलब्ध असते.

या अवस्थेत जाण्यासाठी ग्रब या बूटलोडरच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ‘ई’ कळ दाबून कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीच्या शेवटी ‘सिंगल’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा शब्द रोमन लिपीत जोडतात आणि कंट्रोल-एक्सने बूट करतात. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो. मात्र ग्रबच बिघडले असेल किंवा कर्नलला रूट डिस्क सापडत नसेल, तर हा मार्ग उपयोगी पडत नाही. तेथे लाइव्ह यूएसबी, म्हणजे ज्यावरून लिनक्स थेट सुरू होते असा पेनड्राइव्ह, लागते. म्हणून बूट नेमके कोठे अडले, हे आधी ठरवणे सर्वांत महत्त्वाचे.

नेहमी आढळणारे कारण म्हणजे, कोणत्या डिस्क माउंट करायच्या याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमधील चुकीची नोंद. एखादी डिस्क काढून टाकली किंवा पुन्हा फॉरमॅट केल्यामुळे तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलला, तरी जुनी नोंद तशीच राहते. सिस्टिमडी त्या डिस्कची साधारण ९० सेकंद वाट पाहते आणि मग आपणहून इमर्जन्सी मोडमध्ये जाते. अशा वेळी जर्नलसीटीएल या आज्ञेने चालू बूटची नोंदवही वाचावी, बीएलकेआयडी या आज्ञेने दाखवलेले यूयूआयडी फाइलशी ताडून पाहावेत, गरज असल्यास रूट फाइल सिस्टिम लेखनासाठी पुन्हा माउंट करावी आणि मगच नोंद सुधारावी. बूटसाठी अत्यावश्यक नसलेल्या डिस्कच्या नोंदीत ‘नोफेल’ (डिस्क सापडली नाही तरी बूट चालू ठेवणारा) हा पर्याय आधीच लिहिलेला असेल, तर हा प्रसंग सहसा येत नाही.

फाइल सिस्टिम बिघडली असल्यास एफएससीके हे तपासणी-दुरुस्तीचे साधन वापरतात, परंतु लेखनासाठी माउंट असलेल्या डिस्कच्या विभागावर ते चालवल्यास उरलासुरला डेटाही नष्ट होऊ शकतो. एक्सएफएस या प्रकारच्या फाइल सिस्टिमसाठी एक्सएफएस-रिपेअर हे वेगळे साधन आहे आणि त्यासाठी विभाग अनमाउंट असावा लागतो. कर्नलच्या संदेशांत डिस्कच्या वाचन-लेखनाच्या त्रुटी दिसत असतील, तर दुरुस्तीची घाई न करता प्रथम डेटाची प्रत काढावी, कारण निकामी होत चाललेल्या डिस्कवर दुरुस्तीचे साधन चालवणे हानी वाढवू शकते.

रेस्क्यू मोड सामान्यतः रूटचा पासवर्ड मागतो. तोच विसरला असेल, तर इनिटऐवजी थेट बॅश (आज्ञा घेणारे शेल) सुरू करून नवा पासवर्ड ठेवता येतो. एसईलिनक्स ही सुरक्षा-यंत्रणा असलेल्या प्रणालींवर त्यानंतर फाइलींची लेबले पुन्हा लावून घ्यावी लागतात. संगणकापर्यंत प्रत्यक्ष पोहोचलेल्या कोणालाही हाच मार्ग मोकळा असतो. ग्रबला पासवर्ड लावल्याने बूट-पर्याय बदलणे रोखता येते, पण डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडल्यास तो निरुपयोगी ठरतो. त्यापासून संरक्षण डिस्क एन्क्रिप्शननेच मिळते.