जुनी वायर, नवी छत्री

छत्री नवी, एलएनबी (छत्रीपुढच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा डबा) नवा, सेट-टॉप बॉक्स नवा आणि वायर मात्र वीस वर्षांपूर्वीची. लातूर-धाराशिवकडच्या गच्च्यांवर हे मला सारखं दिसतं आणि दर वेळी हळहळ वाटते. वायरीवर खर्च करायचा नाही ही सवय आजची नाही.

उपग्रहावरचा टीव्ही आपल्या अगदी शेजारी आला होता १ ऑगस्ट १९७५ला. इस्रो आणि नासाच्या 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं होती. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण सीमेला लागून असलेला गुलबर्गा जिल्हा होता. गावात एक टीव्ही आणि त्याच्यासाठी कोंबड्यांच्या जाळीची तीन मीटर रुंद छत्री. वर्षभराने प्रयोग संपला.

आपल्याकडे पुढे आला तो उंच पाइपावरचा अँटेना. त्याची वायर म्हणजे दोन तारांची चपटी पट्टी, ३०० ओहमची. एक जण माळवदावर, एक जण टीव्हीपुढे. "आलं का?" "मुंग्याच हायत, अजून फिरीव!" तेव्हा सगळी करामत दिशेची होती, वायरीकडे कोण बघतो?

नव्वदीत केबल आली. आठ-बारा फुटी छत्री केबलवाल्याच्या गच्चीवर, आपल्या घरात फक्त काळी गोल वायर, ७५ ओहमची, बहुधा बारीक आरजी-५९. त्या कामाला ती पुरायची.

२००३मध्ये खासगी डीटीएच, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर येणारा टीव्ही, सुरू झालं, डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा, म्हणजे आजची फ्री डिश. छत्री दोन फुटांवर आली आणि वायरीचं कामच बदललं. उपग्रहाकडून येणारी ११-१२ गिगाहर्ट्‌झची लहर या वायरीतून उतरू शकत नाही; एलएनबी ती ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झवर आणतो. केबलच्या लहरींपेक्षा हे बरंच वर आहे, आणि तिथे बारीक वायर सिग्नल जास्त खाते. शिवाय त्याच वायरीतून बॉक्स एलएनबीला वीज पाठवतो, १३ किंवा १८ व्होल्ट; काही चॅनेलं १३वर मिळतात, बाकीची १८वर. वायर किंवा जोड खराब असला की १८चे वर पोहोचेपर्यंत १४ होतात, एलएनबी ते १३ समजतो आणि निम्मी चॅनेलं गायब होतात.

औसा तालुक्यात मावशीकडे नेमकं हेच झालं. कारागिराने दोनदा छत्री फिरवून दिली होती. मी एलएनबीची पिन काढली, तर मधली तार हिरवी पडलेली, भोवतीची जाळी काळी ठिक्कर. पावसाचं पाणी पिनेतून आत उतरलं होतं. पंधरा मीटर आरजी-६, म्हणजे आरजी-५९पेक्षा जाड वायर, आणली आणि छत्रीला हातही न लावता सगळी चॅनेलं परत आली.

ती घेताना दुकानात मधल्या तारेला लोहचुंबक लावून पाहिला होता. चिकटला तर आत पोलाद, वर नुसता तांब्याचा मुलामा. जवळच्या अंतराला तीही चालते, पण छत्री लांब असेल तर सबंध तांब्याचीच मागा. आणि पिनेला रबरी टोपी घालून वायर तिथे थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे पाणी जोडाकडे न जाता खालीच ठिबकतं.