औषध नाही, लस नाही, तरी नारू संपत आलाय

नारू म्हटलं की चाळिशीच्या आतल्या कुणालाही आज काही आठवणार नाही. गावाकडच्या साठी-सत्तरीतल्या माणसाला मात्र विचारून बघा. घोट्याजवळ फोड येतो, जागेची आग आग होते, फोड फुटतो आणि आतून शेवईसारखा पांढरा दोरा डोकावतो. तो दोरा म्हणजे एक जिवंत जंत. नेहमी मादीच, आणि लांबीला पाऊण ते एक मीटर. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, आंध्र, कर्नाटक आणि आपला महाराष्ट्र, इथल्या पाण्याची ओरड असलेल्या गावांना हे दुखणं चांगलं परिचयाचं होतं.

1980 च्या दशकाच्या मध्याला आफ्रिका आणि आशियातल्या सुमारे वीस देशांत मिळून वर्षाला अंदाजे 35 लाख लोकांना नारू व्हायचा. 2024 मध्ये साऱ्या जगात रुग्ण सापडले 15. त्यातले नऊ आफ्रिकेतल्या चाड या देशात, सहा दक्षिण सुदानमध्ये. माणसाच्या रोगांपैकी आजवर फक्त देवी हा एकच पृथ्वीवरून पूर्ण गेला आणि देवीविरुद्ध हातात उत्तम लस होती. नारूवर लस नाही, औषध नाही, एकदा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असंही नाही. मग 35 लाखांचे 15 झाले कसे?

उत्तर या जंताच्या जीवनक्रमात आहे. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा जीव असतो. खेकडे-कोळंबीच्या कुळातला, पण जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. नारूच्या अळ्या तो खातो आणि साधारण दोन आठवड्यांत त्या अळ्या माणसात शिरायला तयार होतात. आपण ते पाणी न गाळता प्यायलो की पोटातल्या पाचकरसात सायक्लॉप्स मरतो, अळ्या मात्र तगतात. त्या आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात, वाढतात, नर-मादीचा समागम होतो, नर मरतो. उरलेली मादी महिनोन्महिने लांब होत राहते आणि हळूहळू त्वचेकडे, बहुतेक वेळा पायाकडे सरकते. या सगळ्याला सुमारे वर्ष लागतं आणि त्या वर्षात माणसाला काही म्हणजे काही जाणवत नाही. अंगात नारू आहे की नाही हे बाहेर येण्याआधी सांगणारी तपासणी दवाखान्यात आजही मिळत नाही.

म्हणजे यंदाचा फोड हा गेल्या वर्षी प्यायलेल्या पाण्याचा. एवढं अंतर पडल्यावर पाण्याचा आणि पायाचा संबंध कुणाच्या लक्षात येणार? कुठे तो दैवी कोप ठरला, कुठे रक्तातला दोष. पायाची आग सहन होत नाही म्हणून माणूस तळ्यात पाय बुडवतो, आणि मादीला नेमकं हेच हवं असतं. गार पाणी लागताच फोड फुटतो आणि ती लाखो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स तयारच असतात. रशियन निसर्गअभ्यासक अलेक्सेई फेदचेन्को यांनी 1870 च्या सुमारास मध्य आशियातल्या तुर्कस्तान प्रांतात (आजचा तुर्की देश नव्हे) काम करताना सायक्लॉप्सची ही भूमिका ओळखली. त्यानंतर उपाय शोधायला प्रयोगशाळेची गरज राहिलीच नव्हती. पिण्याचं पाणी गाळायचं आणि फोड आलेल्या माणसाला काही आठवडे पाण्यात उतरू द्यायचं नाही. दोन्हींपैकी एक जरी कडी कायम तुटली तरी जंताचा वंश खुंटतो.

सांगायला सोपं आहे. पण भर उन्हाळ्यात, दोन मैलांवर एकच डबकं असलेल्या गावात, पायाची आग होत असलेल्या बाईला 'पाण्यात जाऊ नकोस' म्हणायचं तर तिच्या घरचं पाणी भरणार कोण, याचंही उत्तर द्यावं लागतं. म्हणून अनेक ठिकाणी रुग्णांना केंद्रात ठेवून घेण्याची, जेवणखाण देण्याची सोय केली गेली.

नारू काढण्याची रीत मात्र हजारो वर्षांत फारशी बदललेली नाही. आरोग्यसेविका रुग्णाचा पाय बादलीतल्या पाण्यात बुडवते, म्हणजे जंत आपणहून थोडा बाहेर येतो. मग त्याचं टोक गॉझच्या गुंडाळीवर किंवा काडीवर घेऊन ती हलक्या हाताने गुंडाळत जाते. जरा ओढ लागली की थांबायचं. दिवसाकाठी काही सेंटिमीटर. गुंडाळी पायालाच बांधून पट्टी करायची, उद्या पुन्हा. असं कधी कधी कित्येक आठवडे चालतं. घाईत जंत तुटला तर आत राहिलेल्या तुकड्यामुळे सूज, पू आणि कधी कायमचा आखडलेला सांधा. बादलीतलं पाणीही तळ्यापासून लांब, कोरड्या जमिनीवर ओतायचं, कारण त्यात अळ्या असतात.

नारूने माणूस सहसा मरत नाही. म्हणूनच बहुधा मोठ्या रुग्णालयांच्या आणि औषध कंपन्यांच्या यादीत हा रोग कधी वर आला नाही. पण अनेक ठिकाणी तो नेमका पेरणी-कापणीच्या दिवसांत पायावर बसतो. 1987 मध्ये युनिसेफच्या मदतीने आग्नेय नायजेरियात एक पाहणी झाली. सुमारे 16 लाख वस्तीच्या भातपिकाच्या त्या पट्ट्यात शेतकऱ्यांचं नारूमुळे वर्षाला 2 कोटी डॉलरचं नुकसान होत होतं. मृत्यूच्या आकड्यांत न दिसणारा रोग हिशेबाच्या वहीत असा दिसतो.

भारताने 1983-84 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तेव्हा देशात सुमारे 40 हजार रुग्ण होते. आपल्याकडे गुन्हेगार ठरली पायऱ्यांची विहीर. पोहऱ्याने पाणी शेंदायची आड-विहीर यात दोषी नाही, कारण तिथे पाय पाण्याला लागत नाहीत. बारवेत, बावडीत माणूस पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहतो, घागर बुडवतो, आणि त्याच पायावर फोड असतो. म्हणून पायऱ्या बंद करून विहिरीला कठडा आणि रहाट लावणं, हातपंप बसवणं, पाण्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्स मारणारं रसायन मोजून टाकणं आणि घरोघरी दुहेरी कापडाने पाणी गाळायला लावणं अशी कामं झाली. वस्त्रगाळ पाण्याची सवय आपल्याकडे जुनीच, ती फक्त रोजची आणि न चुकता व्हायला हवी होती. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. एवढी मोठी गोष्ट, पण पोलिओच्या मानाने तिचा आपल्याकडे गाजावाजा जवळजवळ झालाच नाही.

आफ्रिकेतली मोहीम 1986 पासून अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने पुढे नेली. देवीनिर्मूलनात काम केलेले डॉ. डोनाल्ड हॉपकिन्स यांचं डोकं त्यामागे होतं. कार्टरांचं खरं योगदान मात्र राजकीय होतं. 1995 मध्ये सुदानच्या यादवी युद्धात त्यांनी दोन्ही बाजूंकडून युद्धविराम मिळवला, तो आरोग्यसेवकांना गावांत जाता यावं म्हणून. जवळजवळ सहा महिने तो टिकला. भटक्या गुराख्यांसाठी एक साधी नळी तयार झाली. गळ्यात अडकवायची, तोंडाशी जाळी बसवलेली. वाटेत कुठल्याही डबक्यावर वाकून तिच्यातून पाणी ओढून प्यायचं.

गाळणी वाटून भागतं का, थेट नळाचं पाणीच का देऊ नये, हा वाद सुरुवातीपासून आहे आणि मला तो रास्त वाटतो. शुद्ध पाण्याने नारूबरोबर हगवण आणि टायफॉइडही हटतात, नायलॉनच्या जाळीने फक्त सायक्लॉप्स अडतो. पण घानातल्या सावेलुगू गावाने दुसरी बाजूही दाखवली. तिथे नळपाणी होतं. 2006 च्या सुमारास पुरवठा कोलमडला, लोक पुन्हा बंधाऱ्याच्या पाण्यावर आले, आणि 2007 च्या सुरुवातीला नारूची मोठी लाट आली. पंप बसवून भागत नाही, तो दुरुस्त करणारा माणूसही लागतो. घानाने पुढे तीन-चार वर्षांत रोग संपवला.

मग आली चाडची भानगड. तिथे दहा वर्षं एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता आणि 2010 मध्ये अचानक सापडले. त्यांचं वागणंही विचित्र होतं. एरवी नारू एका तळ्यावरच्या अख्ख्या गावाला धरतो. इथे या गावात एक, त्या गावात एक, आणि पुढच्या वर्षी त्याच गावात काही नाही. 2012 मध्ये शारी नदीकाठच्या कुत्र्यांच्या पायांतून नारू निघताना दिसले. जनुकांची तुलना केली तेव्हा तो माणसातलाच जंत निघाला. 2019 पर्यंत चाडमध्ये वर्षाला जवळपास दोन हजार कुत्र्यांत तो सापडू लागला. मोहिमेचा सारा हिशेब 'हा जंत माणसाशिवाय जगू शकत नाही' या गृहीतकावर उभा होता. ते गृहीतकच कोसळलं.

कुत्र्यांना तो पाण्यातून होत नसावा, माशांतून होत असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. उन्हाळ्याअखेर आटत्या डबक्यांत मासेमारी होते, साफ करताना आतडी तिथेच फेकली जातात, कुत्री ती खातात. माशाने किंवा बेडकाने सायक्लॉप्स गिळलेला असला तर अळी त्याच्या अंगात जिवंत राहू शकते. म्हणून आता गावकऱ्यांना माशांची घाण खड्ड्यात पुरायला, मासा पूर्ण शिजवायला आणि नारू निघत असलेला कुत्रा जंत पुरता बाहेर येईपर्यंत बांधून ठेवायला सांगितलं जातं. बातमी देणाऱ्याला बक्षीस मिळतं, माणसाच्या रुग्णासाठी सुमारे शंभर डॉलर, कुत्र्यासाठी वीसच्या आसपास. मोकाट फिरणाऱ्या कुत्र्याला बांधून त्याला रोज खायला-प्यायला देणं गरीब घराला किती जड जात असेल! तरी लोक ते करतात, आणि 2019 नंतर चाडमधला आकडा खूप खाली आला आहे.

2015 मध्ये कार्टरांनी सांगितलं होतं की आपल्याआधी शेवटचा नारू मरावा अशी इच्छा आहे. डिसेंबर 2024 मध्ये शंभराव्या वर्षी ते गेले, नारू मागे राहिला. प्रमाणपत्राच्या अटीही आता कडक आहेत. सलग तीन वर्षं एकही रुग्ण नाही, तेही नीट पाळत ठेवून, आणि यात प्राणीही मोजले जातात. 2024 मध्ये इथिओपियात एकाही माणसाला नारू झाला नाही. पण तिथे अलीकडच्या वर्षांत कुत्र्यांबरोबर बबून माकडांतही तो सापडला आहे, आणि बबूनला बांधून ठेवता येत नाही. तिथे सध्या पाणवठ्यांवर टेमेफॉस टाकणं आणि माकडांवर नजर ठेवणं एवढंच हातात आहे. दक्षिण सुदानमध्ये गुराखी गुरांमागे शेकडो मैल फिरतात, माली या देशातल्या काही भागांत बंडखोरांमुळे पाहणी करणारा माणूस पोचू शकत नाही. शेवटचे पंधरा शोधायला लागणारा पैसा आणि माणूसबळ आधीच्या हजारांना लागलं त्याहून कमी नाही, आणि देणगीदारांना हे दर वर्षी नव्याने पटवावं लागतं.