एल. आणि एल.एफ. : वडामागचा बाप, सागामागचा मुलगा

वडाच्या शास्त्रीय नावापुढे, ते नाव देणाऱ्याची सही म्हणून, नुसतं ‘एल.’ असतं: फायकस बेंगालेन्सिस एल. सागाच्या नावापुढे असतं ‘एल.एफ.’: टेक्टोना ग्रॅन्डिस एल.एफ. बागेतल्या पाट्यांवर हा ‘एफ’ बऱ्याचदा गळून पडतो. झाडं दाखवत फिरताना मी तो मुद्दाम दाखवते, तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, ‘माणूस एकच ना? मग सही दोन तऱ्हांची कशी?’

माणूस एक नाही. पहिला बाप, दुसरा त्याचा मुलगा. दोघांचं नाव कार्ल, आडनाव लिनियस, आणि दोघेही स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठात एकामागून एक त्याच जागेवर बसलेले प्राध्यापक. ‘एफ’ म्हणजे लॅटिनमधला ‘फिलियस’, पुत्र. ज्याला जग नुसतं लिनियस म्हणून ओळखतं, तो बाप.

बाप १७०७ साली दक्षिण स्वीडनमध्ये एका पाद्र्याच्या घरी जन्मला. त्याचं आडनावसुद्धा झाडावरूनच आलेलं. घराण्याच्या जमिनीवरच्या ‘लिंड’ नावाच्या मोठ्या झाडावरून त्याच्या वडिलांनी ते घेतलं होतं. १७५३ साली त्याचा ‘स्पेसीज प्लॅन्टारम’ हा ग्रंथ निघाला. त्यात सुमारे ६,००० वनस्पती होत्या आणि प्रत्येकीला दोन शब्दांचं सुटसुटीत नाव होतं. त्याआधी एका झाडाचं नाव म्हणजे ओळभर लॅटिन वर्णन असायचं. वनस्पतींच्या नावांचा अधिकृत हिशेब आजही त्याच ग्रंथापासून सुरू होतो. १७५३च्या आधीचं नाव धरलं जात नाही. म्हणून आपल्या ओळखीच्या झाडांच्या मागे ‘एल.’ची रांगच दिसते: वड, पिंपळ, उंबर, आंबा, चिंच, आवळा, चंदन.

यासाठी तो हिंदुस्थानात कधीच आला नाही. इथल्या झाडांची माहिती त्याला वाळवलेल्या नमुन्यांतून आणि पुस्तकांतून मिळाली. त्यातलं मोठं पुस्तक म्हणजे १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेला बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’. तो केरळात सिद्ध झाला, पण त्यासाठी राबलेल्यांत रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. वडापुढची ती एकाक्षरी सही वाचताना मला या तिघांची आठवण होते. सही एकाची, ओळख पटवून देणारे हात कितीतरी.

आता मुलगा. जन्म १७४१. नवव्या वर्षी त्याचं नाव विद्यापीठात घातलं गेलं आणि अठराव्या वर्षी तो तिथल्या वनस्पती-उद्यानात विद्यार्थ्यांना झाडं दाखवू लागला. बापाच्या वशिल्यानं चढलेला, अशी त्याची संभावना अनेकांनी केली आहे. वशिला होताच, पण तेवढ्यावर त्याला निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं. बाप १७७८च्या जानेवारीत गेला. मागे राहिला तो बापाच्या टिपणांचा आणि शिष्यांनी जगभरातून पाठवलेल्या नमुन्यांचा ढीग. तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीहून कोनिग पाठवत होता, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाहून आणि जपानहून थुनबर्गनं आणलं होतं. हे सगळं लावून मुलानं ‘सप्लिमेंटम प्लॅन्टारम’ हा पुरवणी ग्रंथ सिद्ध केला. तो १७८२ साली वाचकांपुढे आला आणि पुढच्याच वर्षी, बेचाळिसाव्या वर्षी, मुलगाही गेला.

साग त्या पुरवणीत आहे. म्हणजे पाटीवर ‘एफ’ गाळला, की चार वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावावर आपण सागाचं बारसं लावतो. ‘टेक्टोना’ हा शब्द मल्याळम ‘तेक्क’शी नातं सांगतो आणि ग्रीकमधल्या सुतारालाही जवळचा आहे, ‘ग्रॅन्डिस’ म्हणजे थोर, मोठा. सागाला यापेक्षा शोभेल असं नाव मला सुचत नाही.

बापलेकांच्या सह्या समोरासमोर पाहायच्या तर काजू आणि बिब्बा घ्या. दोघं एकाच कुळातले, दोघांचं बी फुगीर देठाच्या टोकाला लटकलेलं, दोघांच्या टरफलात कातडी भाजणारं तेल. युरोपातले जुने औषधविक्रेते ‘अनाकार्डियम’ म्हणत ते आपल्या बिब्ब्याला. बापानं तो शब्द उचलून काजूला दिला: अनाकार्डियम ऑक्सिडेन्टेल एल. ‘ऑक्सिडेन्टेल’ म्हणजे पश्चिमेकडचा, आणि ते बरोबरच आहे. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी इकडे आणलेला. इथे बिब्ब्याचं स्वतःचं नाव गेलं. मुलानं त्याच्यासाठी नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली, सेमेकार्पस, म्हणजे खुणेचं फळ. परीट कपड्यांवर बिब्ब्याच्या तेलानं न पुसणारी खूण करायचे, ते त्या नावात आलं. आणि बापानं काढून नेलेला शब्द त्यानं दुसऱ्या जागी परत आणून ठेवला: सेमेकार्पस अनाकार्डियम एल.एफ.

चंदन आणि रक्तचंदनाचंही तसंच. नावं सख्ख्या भावांसारखी, पण झाडं दोन वेगळ्या कुळांतली. चंदन सॅन्टॅलम आल्बम एल., बापाचं. रक्तचंदन टेरोकार्पस सॅन्टॅलिनस एल.एफ., मुलाचं. ‘सॅन्टॅलिनस’ म्हणजे चंदनासारखं. आपल्या भाषेनं केलेली तुलना लॅटिननंही केली.

खैराच्या बाबतीत ‘एल.एफ.’ कंसात जातं. मुलानं खैराला लाजाळूच्या मिमोसा प्रजातीत ठेवलं होतं. पुढे विल्डेनाव या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं तो अकेशिया प्रजातीत नेला, म्हणून बहुतेक पुस्तकांत अकेशिया कॅटेचू, कंसात एल.एफ., आणि कंसाबाहेर विल्डेनाव असं सापडतं. अलीकडे तो सेनेगालिया या प्रजातीत गेला, त्यामुळे कंसाबाहेरची नावं बदलली. कंसातला मुलगा मात्र तिथेच आहे. आधी नाव देणारा कंसात, जागा किंवा दर्जा बदलणारा बाहेर, असा हा नियम. आपलं राज्यफूल ताम्हण घ्या. त्याच्या कंसात बाप आहे, आणि लॅगरस्ट्रोमिया हे प्रजातीचं नावही बापानंच आपल्या लॅगरस्ट्रोम नावाच्या स्वीडिश मित्रावरून ठेवलेलं.

‘एफ’ दिसला की तो लिनियसचाच मुलगा, असंही समजू नका. सह्याद्रीतल्या वनस्पतींच्या याद्यांत ‘हूक.एफ.’ सारखा भेटतो. तो इंग्लंडच्या विल्यम हूकरचा मुलगा जोसेफ. कोरफडीच्या नावात तर दोन घराणी एकत्र येतात: ॲलो व्हेरा, कंसात एल., बाहेर बर्म.एफ. लिनियस बापानं कोरफडीला एका कोरफडवर्गीय जातीचा नुसता उपप्रकार मानलं होतं. १७६८ साली निकोलास बुर्मन यानं तिला स्वतंत्र जातीचा मान दिला. हा निकोलास उपसालाला लिनियसच्या हाताखाली शिकून गेलेला. आणि त्याचा बाप योहानेस बुर्मन म्हणजे तोच, ज्याच्या ॲमस्टरडॅममधल्या घरी १७३५ साली तरुण लिनियस पाहुणा म्हणून राहिला होता.