केवडा (कुंडीतील रोपांचा)

घरात किंवा पडवीत कुंडीत वाढवलेल्या कोवळ्या रोपांची पाने हरितद्रव्य उणे पडल्यामुळे फिकट, पिवळी किंवा पांढुरकी होणे. हरितरोग, पीतपर्णता हे पर्यायी शब्द. हा स्वतंत्र रोग नव्हे, अनेक कारणांचे एकच दृश्य लक्षण आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः कोकण किनारपट्टीवरील रोपांपुरती आहे.

संज्ञा : केवड्याच्या कणसाभोवतीच्या पिवळट पानांवरून हे नाव पडले असावे. मात्र शेतकरी ते वेगवेगळ्या विकारांना लावतात : उसावर व भुईमुगावर लोहाच्या कमतरतेला, बाजरीवर एका बुरशीजन्य रोगाला (त्यालाच गोसावी असेही म्हणतात), सोयाबीनवर विषाणूजन्य पिवळ्या मोझॅकला. त्यामुळे ‘केवडा आला’ एवढ्यावरून उपाय सुचवणे धोक्याचे ठरते. ‘क्लोरोसिस’ हा शब्द १७ व्या शतकाच्या पूर्वार्धापासून वैद्यकात तरुण मुलींच्या पांडुरोगासाठी वापरात होता. वनस्पतिशास्त्रात तो तेथूनच आला असावा, आणि त्याबरोबर ‘पिवळे म्हणजे लोह कमी’ ही समजूतही आली असे मानण्यास जागा आहे.

लोहाचा प्रश्न : फ्रेंच रसायनज्ञ यूझेब ग्री यांनी १८४३-४४ च्या सुमारास पिवळ्या पडलेल्या वनस्पतींना लोहाचे क्षार दिले असता त्या हिरव्या होतात असे दाखवले. १८६० च्या सुमारास यूलिउस फोन झाक्स यांच्या जलसंवर्धनाच्या (मातीविना पाण्यात रोपे वाढवण्याच्या) प्रयोगांनी लोहाची आवश्यकता पक्की झाली. पुढे रिखार्ट व्हिल्श्टेटर (नोबेल पारितोषिक, १९१५) यांच्या कामातून हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसून मॅग्नेशियम असते हे स्पष्ट झाले. लोह लागते ते हरितद्रव्य घडवणाऱ्या विकरप्रक्रियांना (विकर म्हणजे एन्झाइम). या दोन गोष्टींची गल्लत जुन्या बागकामाच्या पुस्तकांत आढळते.

कोकणापुरता हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. येथील जांभ्याची माती आम्ल आणि लोहाने तांबडी झालेली असते. फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात पाहून १८०७ मध्ये ‘लॅटेराइट’ हे नाव दिले तो हाच दगड. अशा मातीत लोहाची खरी टंचाई संभवत नाही. उलट ती पाण्याखाली राहिली की लोह अधिकच विरघळते. तरीही अनंताच्या किंवा जास्वंदीच्या रोपाला नवी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असे लोह-उणिवेचे चित्र दिसते. याचे कारण मातीपेक्षा कुंडीत शोधावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. निचऱ्यासाठी मिसळलेल्या पुळणीच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. सिमेंटच्या नव्या कुंडीतून चुना पाझरतो. चुलीतली राख ‘खत’ म्हणून मूठमूठ टाकली जाते. तिन्हींमुळे माती अल्कधर्मी होते आणि असलेले लोहही मुळांना मिळेनासे होते. अशा वेळी बाजारातील ‘ईडीटीए’ चिलेट (लोह धरून ठेवणारे संयुग) मातीत घालून विशेष उपयोग होत नाही, कारण सामू (पीएच) सुमारे ६.५ च्या वर गेला की ते टिकत नाही. ‘ईडीडीएचए’ चिलेट टिकते. कुंडी व माती बदलणे स्वस्त पडते.

निदान : पहिला प्रश्न पान कोणते, हा. नत्र, मॅग्नेशियम व पालाश ही द्रव्ये वनस्पती जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे नेते. म्हणून त्यांच्या उणिवेत खालची पाने आधी पिवळी होतात. नत्रात संपूर्ण पान फिकटते, मॅग्नेशियमात शिरांमधला भाग, पालाशात कडा. लोह व गंधक सहसा हलत नाहीत, त्यामुळे तेथे शेंडा आधी पिवळा होतो. सोडणाच्या भुशात (कोकोपीट) लावलेल्या रोपांत नत्राची उणीव वारंवार दिसते. न कुजलेला भुसा कुजताना सूक्ष्मजीव नत्र ओढून घेतात. न धुतलेल्या भुशात मिठाचाही अंश असतो. वैशाखात मचूळ झालेल्या विहिरीचे पाणी आणि खाऱ्या माशांचे धुवण यांचा परिणाम तसाच : पानांच्या कडा व टोके आधी करपतात.

हे सर्व खरे असले, तरी कोकणात घरातील रोपे पिवळी पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण पाणी हेच होय. दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबरात. हवा इतकी दमट असते की कुंडी आठवडाभर वाळत नाही. पडवीच्या कडेला ठेवलेल्या कुंडीवर पागोळ्याही पडतात. मुळांना हवा न मिळाल्याने ती तपकिरी, बुळबुळीत होतात व कुबट वास येतो. माती ओली असून रोप मलूल दिसते, ही खूण. नेमके तेव्हाच आणखी पाणी घातले जाते. बोट दोन पेरे मातीत घालून पाहणे पुरते. शंका राहिल्यास रोप मातीच्या गड्ड्यासह उपसून मुळे पाहावीत. मनी प्लांटला हे सहज चालते.

प्रकाश : आवृतबीज (फुले येणाऱ्या) वनस्पतींत हरितद्रव्य बनण्याची शेवटाकडची एक पायरी प्रकाशाशिवाय होत नाही. नवरात्रात देवघरात घातलेल्या रुजवणाचे पिवळेधमक, लांबसडक कोंब हे त्याचे सर्वांच्या पाहण्यातील उदाहरण. माजघरातील रोपांचे हेच होते, फक्त सावकाश. छपरात काचेचे एखादे कौल बसवले तरी फरक पडतो.

कीड : थंडी-उन्हाळ्यात लाल कोळी पानांवर बारीक पिवळे ठिपके उमटवते. पांढऱ्या कागदावर पान झटकल्यास हे कोळी ठिपक्यांसारखे चालताना दिसतात. मावा, पिठ्या ढेकूण पानाखाली असतात.

अपवाद : बीजपत्रे (बी रुजताना येणारी पहिली पाने) पिवळी होऊन गळणे स्वाभाविक आहे. क्रोटन व चित्रपर्णी मनी प्लांट यांचा पिवळेपणा जातीचा असतो.

पडताळा : लोहाची शंका असल्यास एका नव्या पानाच्या अर्ध्या भागावर फेरस सल्फेटचे सौम्य (सु. ०.२ टक्का) द्रावण ब्रशाने लावतात. काही दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला, तर उणीव लोहाची. ग्री यांनीही पानावर लोहाचे द्रावण लावून पाहिले होते. जुन्या पानांवर ही परीक्षा करू नये. पूर्ण पिवळे झालेले जुने पान बहुधा परत हिरवे होत नाही.