पंचगंगाकाठच्या शेणी आणि त्या रचणारे हात

कोल्हापुरात कुणी गेलं की माणसं ‘मातीला’ जातात आणि तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला. मधल्या वेळेत चितेकडं बघतात ते पंचगंगा स्मशानभूमीतले महापालिकेचे कर्मचारी. त्यांची आठवण सहसा कुणी काढत नाही.

या शहरात अंत्यसंस्काराला पैसे पडत नाहीत. लाकूड, शेणी (गोवऱ्या) महापालिका देते. त्याला हातभार लावतात इथलीच माणसं. पूर्वी होळीला गल्लोगल्ली शेणींचे ढीग जळायचे. आता अनेक तालमी आणि मंडळं होळी लहान करतात आणि शेणी स्मशानभूमीत पोचवतात. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ शेणी देतं. हातावर पोट असलेल्याला आणि बंगलेवाल्याला एकाच ढिगातल्या शेणी लागतात, याचा मला कोल्हापूरकर म्हणून फार अभिमान वाटतो.

याच गावच्या राजाला मात्र चितेसाठी परक्यांची परवानगी लागली होती. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत, फ्लॉरेन्स शहरात वारले, तेही ऐन विशीत. तिथं दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून अर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. १८७४ मध्ये उभारलेलं त्यांचं स्मारक आजही तिथं आहे. पंचगंगेच्या घाटावर संस्थानकालीन समाध्या दिसल्या की मला तो लांबचा संगम आठवतो.

इथली नदीही दरवर्षी परीक्षा बघते. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. स्मशानभूमीत पुराचं पाणी शिरलं की अंत्यसंस्कार शहरात दुसरीकडं हलवावे लागतात. करोनात तर घरचे लांब उभे आणि कर्मचारी पीपीई किटमध्ये चितेपाशी. त्या काळात बैतुलमाल कमिटी या सेवाभावी संस्थेचे मुस्लिम कार्यकर्तेही अंत्यसंस्काराला पुढं आले होते.

माझे चुलते गेले तेव्हा आम्ही रात्री उशिरा पोचलो. एक कर्मचारी पुढं आला. “घरातलं कोण हाय? पुढं या.” मग तो शेणी उभ्या लावत गेला, दोन शेणींमध्ये बोटभर जागा सोडून. मी घाईनं एक आडवी ठेवली, ती त्यानं न बोलता उचलली आणि उभी केली. “वारं लागलं पायजे, न्हाईतर नुसता धूर हुतोय.” पायाकडच्या शेणी त्यानं दोनदा काढून पुन्हा लावल्या. सगळं झाल्यावर हात पुसून तो बाजूला झाला, कारण अग्नी द्यायचा मान घरच्यांचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जनाला गेलो. सगळीकडं राखच राख, आमची चिता कुठली तेच कळेना. त्यानं लांबूनच ओळखलं आणि हात करून जागा दाखवली.