गिर्यारोहणाचा दोर : तुटण्याची कारणे व तपास

घसरलेल्या आरोहकाच्या पडण्याचा आघात शोषून घेणारा आणि त्याला कड्याशी जोडून ठेवणारा दोर (रोप) प्रत्यक्ष वापरात का तुटतो आणि त्यानंतर तपास कसा केला जातो, हा या नोंदीचा विषय आहे. हार्नेस (आरोहकाच्या कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा संच), बोल्ट (खडकात बसवलेली धातूची खुंटी) इ. साधनांचा उल्लेख अनुषंगाने केला आहे.

तुटलेल्या दोराची न्यायाधीशासमोर झालेली सर्वांत जुनी प्रसिद्ध चौकशी आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न शिखरावरच्या अपघाताची आहे. 14 जुलै 1865 रोजी इंग्रज आरोहक एडवर्ड व्हिंपरच्या सात जणांच्या तुकडीने हे शिखर प्रथमच सर केले. उतरताना चौघे कोसळले. लॉर्ड फ्रान्सिस डग्लस आणि वाटाड्या थोरला पीटर टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटल्यामुळे उरलेले तिघे वाचले. जीव वाचवण्यासाठी टाउगवाल्डरनेच दोर कापला, अशी कुजबुज त्यानंतर बरीच वर्षे चालू राहिली. पायथ्याच्या त्सेरमाट गावातील चौकशीत त्याच्यावर ठपका आला नाही. तुटलेले टोक पाहून दोर कापलेला नसून ताणाने तुटलेला आहे, असे व्हिंपरने लिहून ठेवले आहे. तुकडीजवळ तीन प्रकारचे दोर होते आणि त्यांतला सर्वांत कमकुवत नेमका या दोघांमध्ये होता. त्यामागे काहींनी हेतू शोधला. पुढच्या माणसांना बांधण्यात चांगला दोर संपला आणि हाताशी होता तो घेतला गेला, हा खुलासा अधिक पटण्याजोगा आहे. लंडनच्या अल्पाइन क्लबने 1864 मध्ये, म्हणजे अपघाताच्या एक वर्ष आधीच, समिती नेमून दोरांना वजने बांधून ती वरून सोडण्याच्या चाचण्या केल्या होत्या. चांगला दोर कोणता हे त्या वेळी माहीत होते, आणि तसा दोर तुकडीजवळही होता. तुटलेला तुकडा आज त्सेरमाटच्या संग्रहालयात आहे.

मनिला व हेंप या वनस्पतिजन्य तंतूंच्या दोरांची जागा दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनने घेतली. आतला गाभा भार पेलतो आणि वरचे विणलेले आवरण त्याचे रक्षण करते, असा दुपदरी दोर 1953 मध्ये जर्मनीत तयार झाला. आजचे आरोहणाचे दोर याच पद्धतीचे असतात. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे पडणाऱ्याला बसणारा हिसका सौम्य होतो. हिसक्याचा जोर नुसत्या उंचीवर नव्हे, तर पडलेले अंतर भागिले मोकळ्या दोराची लांबी या गुणोत्तरावर ठरतो. बिले देणाऱ्याच्या (आरोहकाचा दोर धरून त्याला सांभाळणाऱ्या जोडीदाराच्या) 2 मी. वर गेलेला आरोहक मध्ये कुठेही दोर न अडकवता घसरला, तर तो 4 मी. पडतो, हे गुणोत्तर 2 येते व दोरावरचा तो सर्वांत कठोर प्रसंग असतो. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या (यूआयएए, स्थापना 1932) मानकानुसार एकेरी (एकटाच वापरायच्या) दोराला 80 किग्रॅ. वजनाची, 1.7 च्या आसपास गुणोत्तराची किमान पाच पतने सोसावी लागतात आणि पहिल्या पतनातील आघात 12 किलोन्यूटनपेक्षा (सुमारे 1,200 किग्रॅ. वजनाच्या भारापेक्षा) जास्त चालत नाही. या चाचणीत दोर ज्या कडेवरून वाकतो तिची त्रिज्या 5 मिमी. असते. खडकाची धार इतकी गोल क्वचितच असते. पुढील जपानी प्रकरणही धारेच्या गोलाईवरूनच उद्भवले.

2 जानेवारी 1955 रोजी जपानमधील माए-होताका (3,090 मी.) या शिखराच्या पूर्व कड्यावर इवार्‍योकाई या क्लबच्या तुकडीतला एक तरुण अवघा अर्ध्या मीटरच्या आसपास घसरला आणि 8 मिमी. जाडीचा नायलॉन दोर तुटून मरण पावला. दोर वरच्या खडकाच्या सुळक्यावर टाकलेला होता. नायलॉन तेव्हा नवे होते, मनिलापेक्षा कितीतरी मजबूत म्हणून त्याची ख्याती होती. साहजिकच संशय दोरावर न जाता आरोहकांवर गेला. गाठ नीट बांधली नसेल, क्रॅम्पॉनचे (बर्फावर चालण्यासाठी बुटांना लावायच्या काटेरी पट्ट्यांचे) दात दोरावर पडले असतील, असे बोलले गेले. मृताचे थोरले बंधू व क्लबचे संस्थापक इशिओका शिगेओ यांनी स्वतः प्रयोग करून दाखवले की, धारदार कडेवर नायलॉन अगदी थोड्या भारालाही तुटतो. याउलट 29 एप्रिल 1955 रोजी गामागोरी येथे ओसाका विद्यापीठातील प्राध्यापक शिनोदा यांच्या मार्गदर्शनाखाली जाहीर प्रयोग झाला, त्यात दोर तुटला नाही. वृत्तपत्रांनी दोर निर्दोष ठरवला. त्या प्रयोगातील दगडाच्या कडा सुमारे 1 मिमी. त्रिज्येने घासून गोल केलेल्या होत्या व हे उपस्थितांना सांगितलेले नव्हते, असे पुढे उघड झाले. त्याच उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर मृतदेह सापडला, तेव्हा दोर कमरेला बांधलेलाच होता. गाठीविषयीचा आक्षेप तिथेच संपला.

प्रयोगामागचा हेतू काय होता, यावर जपानमध्ये दीर्घकाळ वाद झाला. तो फसवण्यासाठी होता असे इशिओका यांचे म्हणणे. तो निराळ्या उद्देशाने केलेला प्रयोग होता, असा दुसरा पक्ष. हेतू बाजूला ठेवला तरी कडेची त्रिज्या न सांगता निष्कर्ष जाहीर करणे ही तपासातली गंभीर चूक होती आणि एका शोकाकुल कुटुंबाला तिची किंमत मोजावी लागली, असे म्हणावे लागते. इशिओका यांनी पाठपुरावा सोडला नाही. 1975 मध्ये जपानने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षा कायद्याखाली आरोहणाच्या दोरासाठी मानक लागू केले. अशा दोरासाठी कायद्याने बंधनकारक केलेले हे जगातील पहिले मानक मानले जाते.

धारेची प्रमाणित चाचणी मात्र सोपी ठरली नाही. यूआयएएने तशी चाचणी आणली होती, पण निकालांत पुरेसे सातत्य न राहिल्याने ती मागे घ्यावी लागली. धारेवर दोर सरळ पडतो की आडवा घासत सरकतो, यानेच निकाल पालटतो.

जर्मन अल्पाइन क्लबच्या सुरक्षा विभागाने (1968 पासून) पिट शूबर्ट यांच्या नेतृत्वाखाली अनेक दोरतुटींचा माग काढला. धड अवस्थेतला आधुनिक दोर केवळ पडण्याच्या भाराने तुटत नाही. तो धारेवर तुटतो, नाहीतर आम्लाने आधीच कुजलेला असतो, हा त्यांचा निष्कर्ष सर्वसाधारणपणे मान्य झाला आहे. गंधकाम्ल (बॅटरीतील ॲसिड) यांत विशेष घातक, कारण दोर बाहेरून धडधाकट दिसत राहतो. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवलेल्या दोराविषयी म्हणूनच इशारा दिला जातो.

तपासात तुटलेले टोक हाच मुख्य पुरावा असतो. झटक्याने तुटलेल्या नायलॉन तंतूचे टोक उष्णतेने वितळून अळंबीच्या टोपीसारखे फुगते. धारेने कापलेले टोक सपाट दिसते. आम्लाने खाल्लेले तंतू ठिसूळ होऊन आखूड तुटतात. सर्व तंतू एकाच पातळीवर संपले आहेत की मागेपुढे, आवरण किती अंतरापर्यंत घासले आहे, खडकाची भुकटी कुठे अडकली आहे, हेही पाहतात. उरलेल्या दोराचे तुकडे ताणून तुलना केली जाते आणि शक्य तर घटनास्थळच्या धारेचा साचा घेतात. म्हणून अपघातानंतर दोर धुऊ नये, गाठी सोडू नयेत, दोराची गुंडाळी करू नये. शोध व बचावाच्या घाईत नेमके हेच होते.

अन्य साधनांत कारणे वेगळी असतात. 2006 मध्ये योसेमिटी येथे टॉड स्किनर या नामांकित आरोहकाच्या हार्नेसचा झिजलेला बिले लूप (पुढच्या बाजूची भार पेलणारी पट्टीची कडी) तुटला. 2013 मध्ये फ्रान्समधील ऑर्पियेर येथे एका बालआरोहकाच्या क्विकड्रॉमधील (दोर बोल्टला जोडणाऱ्या, दोन कड्या व मधली पट्टी असलेल्या साधनातील) पट्टी कॅरॅबिनरमधून (उघडझाप करणाऱ्या धातूच्या कडीतून) ओवलेलीच नव्हती, ती नुसत्या रबराच्या कडीवर टिकून होती. त्याआधी 2012 मध्ये ऑस्ट्रियाच्या टिरोलमधील व्हिया फेराटावर (कड्यावर पोलादी तार लावून तयार केलेल्या वाटेवर) तारेला जोडून ठेवणाऱ्या एकाच साधनाच्या दोन्ही पट्ट्या तुटल्या आणि पाठोपाठ अनेक बनावटींची साधने बाजारातून परत मागवण्यात आली.

समुद्रकिनारी कड्यांवर, विशेषतः थायलंडमध्ये, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट ताण व क्षार यांच्या एकत्र परिणामाने तडकतात. वरून गंज नगण्य दिसतो. तेथे टायटेनियमचे बोल्ट वापरले जाऊ लागले. सह्याद्रीत समुद्र दूर असला तरी बसाल्टच्या भेगांतून चार महिने पाणी झिरपते. सुळक्यांवर जुन्या चढाईतील मेखा व बोल्ट तसेच राहिलेले असतात. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या चढाईत ते ठोकून, आवाज ऐकून मगच दोर अडकवण्याचा रिवाज येथील आरोहकांत आहे. ठोकल्यावरचा घट्ट आवाज बोल्टच्या आतल्या भागातील गंजाविषयी काही सांगत नाही, त्यामुळे एका जुन्या बोल्टवर विसंबण्याऐवजी दोन स्वतंत्र ठिकाणी अँकर (दोराचा आधार) बांधला जातो.