बंद लिफाफ्यातली गोळी

शेजारच्या मावशी परवा संध्याकाळी हातात सहा पानं घेऊन आल्या. साखर तपासायला त्या मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जातात, तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी ती दिली होती. वर ठळक अक्षरात ‘सहभागी व्यक्तीसाठी माहितीपत्रक’. पुढच्या महिन्यात एक क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवर औषधाची चाचणी, सुरू होणार आहे, तुम्ही भाग घ्याल का, अशी विचारणा होती. मावशींनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "माझ्यावर प्रयोग करणार हाईत व्हय रं?"

हो, प्रयोगच आहे. तो शब्द मी त्यांच्यापासून लपवला नाही. प्रयोग कशासाठी, ते मात्र पानं वाचून नीट सांगितलं. मधुमेहाच्या दोन गोळ्या आहेत. दोन्ही औषधाच्या दुकानात वर्षानुवर्षं मिळतात, काही डॉक्टर ही देतात, काही ती. मावशींसारख्या रुग्णांत तीन महिन्यांची सरासरी साखर कुठल्या गोळीनं जास्त उतरते, एवढंच त्यांना पाहायचं आहे.

मावशींचा पुढचा प्रश्न बरोबर होता: एवढी वर्षं गोळ्या देतात, तर डॉक्टरांना अजून कळलं नाही होय?

याचं उत्तर आपल्या उसाच्या रानात सापडतं. समजा एखाद्यानं नवं बेणं आणलं. हौसेनं आणलेलं बेणं तो विहिरीजवळच्या काळ्या रानात लावणार आणि जुनं माळाकडच्या मुरमाड तुकड्यात. तोडणीला नवं बेणं जास्त उतरलं, तर गुण बेण्याचा की रानाचा? कुणीच सांगू शकत नाही. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथमस्टेड शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांना हाच पेच पडला होता. त्यांनी मार्ग काढला तो असा: कुठल्या वाफ्यात काय पेरायचं हे माणसानं ठरवायचंच नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मग काळं रान आणि मुरमाड रान दोन्ही बेण्यांना साधारण सारखंच वाटलं जातं.

डॉक्टरांचंही तसंच होतं. त्यात लबाडी नसते. नवं औषध हाती आलं की धडधाकट, वेळेवर येणाऱ्या रुग्णाला ते द्यावंसं वाटतं, किंवा उलट, दुसरं काही लागू पडत नाही अशालाच दिलं जातं. दोन्हीकडं हिशेब बिघडतो.

औषधांत ही चिठ्ठी पहिल्यांदा नेमकेपणानं वापरली गेली ती ब्रिटनमध्ये, १९४७ साली. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन नवं आलेलं आणि साठा इतका तुटपुंजा की सगळ्यांना पुरणंच शक्य नव्हतं. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांनी वाटणी आधीच ठरवून बंद लिफाफ्यांत ठेवली. रुग्ण चाचणीत घ्यायचा हे पक्कं झाल्यावरच त्याच्या नंबरचा लिफाफा फोडायचा. एकूण १०७ रुग्ण: ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना त्या काळचा नेहमीचा उपचार, म्हणजे नुसती अंथरुणातली विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. हे आकडे वाचताना मला आजही गलबलून येतं, कारण ते १४ जण ज्या प्रश्नाच्या उत्तरात गेले, त्या उत्तरानं पुढं क्षयाच्या असंख्य रुग्णांना औषध मिळालं.

मावशींच्या तिसऱ्या पानावरही तोच लिफाफा आहे: ‘आपल्याला कोणती गोळी मिळेल हे बंद लिफाफ्यातील क्रमांकावरून ठरेल.’ त्या वाक्यालाच त्या जास्त घाबरल्या होत्या. डॉक्टरच ठरवणार नसतील तर मग काय, असं त्यांना वाटलं. दोन्हींतली सरस गोळी कुठली हे खरंच कुणाला ठाऊक नसतं, तेव्हाच अशी चिठ्ठी टाकणं न्याय्य ठरतं, हे समजल्यावर त्या जरा निवांत झाल्या.

नव्याकोऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. ते आधी मोजक्या माणसांत सुरक्षिततेसाठी, मग काही शे रुग्णांत, मग शेकडो-हजारोंत तपासलं जातं आणि बाजारात आल्यावरही नजर ठेवली जाते. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाला जोडलेलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचं महाविद्यालय आहे. अशा शिकवण्याच्या ठिकाणी एमडी, एमएस करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागतो, आणि त्यासाठी बऱ्याचदा आधीच वापरात असलेल्या दोन उपचारांची तुलना केली जाते. मावशींचे डॉक्टर त्यांतलेच.

यातलं काही गुपचूप चालत नाही, निदान चालू नये अशी व्यवस्था आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची सीटीआरआय नावाची चाचण्यांची नोंदवही २००७ पासून इंटरनेटवर खुली आहे. १ एप्रिल २०१८ पासून तिथं पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते, म्हणून येऊ घातलेल्या चाचण्या आपल्याला आधीच दिसतात. ‘नॉट येट रिक्रूटिंग’ असा शेरा असेल तर अजून रुग्ण घेणं सुरू झालेलं नाही. कोणाला घेणार, कोणाला नाही, काय मोजणार, हा प्रबंध आहे का, लिफाफे कसे ठेवणार, सगळं तिथं असतं. मोजायचं काय हे आधीच लिहून ठेवल्यामुळं नंतर सोयीचा आकडा पुढं केला तर ते उघडं पडतं. मजकूर इंग्रजीत आहे, हे मला खटकतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला सोबत बसवावं लागतं.

मावशींची भीती उगाच नव्हती. आपल्या देशात चाचण्यांत गैरप्रकार झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१३ साली भरपाईचे नियम आले. आता नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत. परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीत किमान सात जण लागतात, त्यांतले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे. एक बाई, एक कायद्याचा जाणकार आणि एक साधा नागरिक हवाच. चाचणीमुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पाचव्या पानावरचं एक वाक्य. ते मी मावशींना दोनदा वाचून दाखवलं: ‘आपण कोणत्याही वेळी, कारण न सांगता, बाहेर पडू शकता, त्यामुळे आपल्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही.’ सहीची घाई कुणी करत असेल तर तिथंच थांबावं. पानं घरी आणता येतात, चार माणसांना दाखवता येतात. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवणं बंधनकारक आहे. सही केलेल्या कागदाची प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे.

"मग मी सोमवारी जातो आणि इचारतो," मावशी म्हणाल्या. सही अजून कोरी आहे. शेवटच्या पानाच्या मागं त्यांनी माझ्याकडून पेन्सिलीनं तीन प्रश्न लिहून घेतलेत: रात्री साखर एकदम उतरली तर फोन कुणाला करायचा, बीपीची गोळी चालू ठेवायची का, आणि तीन महिने झाल्यावर कुठली गोळी सरस ठरली ते आम्हालाही सांगणार का.